उलट्या बुटांचे सात टेक

४ फेब्रुवारी

ताई,

सोबत शनिवारच्या अंकातलं माझ्या परीक्षणाचं कात्रण आहे. आधी पत्र वाच, मग कात्रण. उलटं केलंस तर पत्र न वाचताच फाडशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. फोन केला असता, पण आई म्हणायची ते आठवलं: तुम्ही दोघं तोंडानं बोललात की भांडता, कागदावर बोललात की ऐकता. म्हणून कागद.

बुधवारी आम्हा समीक्षकांसाठी एका चित्रपटाचा खेळ होता. गोष्ट एवढीशी. घर सोडून गेलेला म्हातारा कित्येक वर्षांनी मुलाच्या दारात येतो. पहिली दहा मिनिटं मी नेहमीसारखा अंधारात वहीत खरडत होतो. मग जिन्यावरून म्हातारा वर आला, डावा खांदा पुढे काढून, आणि माझं पेन थांबलं. ताई, ते बाबा होते.

अडतीस वर्षांनी बघितलं मी त्यांना, आणि तेही पडद्यावर. नाव वेगळं लावतात. माहितीपत्रकात होतं, आयुष्यभर गावोगावच्या नाटकमंडळ्यांत काढलं, सिनेमा हा पहिलाच. पण ते जाऊ दे, तुला तो प्रसंग सांगायचाय. म्हातारा दारासमोर बूट काढून ठेवतो. घंटेकडे हात नेतो, थांबतो, वाकतो आणि बूट फिरवून ठेवतो. टोकं जिन्याकडे. म्हणजे दार अजून उघडलेलं नाही आणि हा परत जायची तयारी करून ठेवतोय! त्याला आत कोण घेणार, हे त्याचं त्यालाच माहीत आहे. मग तो घंटा वाजवतो. संवाद एक नाही. माझा घसा असा दाटला की दिवे लागायच्या आत मी बाहेर पळालो.

रात्रीपर्यंत लेख लिहून दिला. पाचपैकी साडेचार तारे. ‘असं काही कागदावर लिहून येत नाही, नट ते आपल्या आयुष्यातून आणतो. या एका क्षणासाठी चित्रपटाचे बाकी सगळे गुन्हे माफ’, असं लिहिलं. हे आपले वडील, हे अर्थातच लिहिलं नाही.

सोमवारी कचेरीत एक कार्ड आलं. ‘परीक्षण वाचले. आभारी आहे. एकदा भेटता आले तर बरे.’ खाली पत्ता. चौकशी केली, एका खोलीत एकटेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर.

माझी पुढची खोली रिकामीच असते. त्यांना घेऊन यावं असं मनात आहे. लगेच रागावू नकोस. तो प्रसंग बघ एकदा, मग बोल.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

चष्म्या,

कात्रण आधी वाचलं. फाडलं नाही, डब्याखाली ठेवलंय, तेल गळतं तिथे.

दर वर्षी तू एक लेख लिहितोस की प्रेक्षक शेवटची नामावली न वाचता उठतात, त्यांना शरम वाटायला हवी. अरे शहाण्या, या वेळी तू थांबला असतास तर नामावलीच्या अकराव्या ओळीत तुझ्या सख्ख्या बहिणीचं नाव दिसलं असतं. तो चित्रपट मी केलाय. तेवीस दिवसांचं चित्रीकरण. त्यातले दोन दिवस मी तापानं पडून होते, म्हणजे एकवीस धर.

तुला सांगितलं नाही, कारण आपला करार आहे. सेटवरचं मी तुला सांगायचं नाही आणि बाबांचं कोणीच कोणाला सांगायचं नाही. तो करार आज मोडते, कारण तू घर द्यायला निघालायस.

माझं कंटिन्युइटीचं काम तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. तुम्हाला पडद्यावर सलग दिसतं ते आम्ही चार दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेतलेलं असतं. कप उजव्या हातात होता की डाव्या, चष्मा नाकावर होता की खिशात, हे लिहून ठेवायचं आणि चुकलं की उठून सांगायचं. लांबून घेतलेल्या दृश्यात बुटांची टोकं जिन्याकडे होती. जवळून घ्यायला लागलो तर हे गृहस्थ टोकं दाराकडे करून ठेवायला लागले. मी उठले, जवळ गेले, म्हटलं, ‘बूट उलटे आहेत.’ ‘चुकलो बाई’ म्हणाले. दुसरा टेक, पुन्हा दाराकडे. तिसरा, तसाच. असे सहा टेक वाया! सहाव्यांदा मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. सातव्या टेकला पुन्हा उलटे ठेवलेच, पण घंटेपाशी गेल्यावर बहुधा माझी बोलणी आठवली, म्हणून वाकून सरळ केले. दिग्दर्शकाला ते आवडलं, त्यानं ठेवलं. हा तुझा आयुष्यातून आणलेला क्षण! विसरभोळ्या म्हाताऱ्यानं खाल्लेली बोलणी आहेत ती, आणि तू त्यावर साडेचार तारे उधळलेस.

आणि एका बुटाचं काय घेऊन बसलास? एक गोष्ट धड लक्षात राहील तर शपथ. रोज दोनतीन वेळा मला उठावं लागायचं. रोज ‘चुकलो बाई’, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मला ओळखलं का, विचारशील. लग्नानंतरचं आडनाव, पिकलेले केस. पहिल्या दिवशी नमस्कार केला, ‘बाई’ म्हणाले आणि चहावाल्याला सांगितलं की साखर कमी. पोटची पोर समोर उभी, आणि साखर कमी!

आता एक जुनी गोष्ट. तू नऊ वर्षांचा होतास, मी चौदाची. ते शेवटचे आले होते ना, माफी मागायला, दारात उभे राहून रडले. तू कमरेला मिठी मारलीस. आई रडली. समोरच्या काकूसुद्धा रडल्या, ज्या नवरा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या. मी बघत उभी होते. त्यांच्या हातात पिशवी होती. पाऊण तास रडले, पण ती पिशवी एकदाही खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी गेलेच. या धंद्याला मी त्या दिवशीच लागले म्हण.

तुझं तेव्हापासून हेच चाललंय. कोणी चांगलं रडलं की तुला गोष्ट खरी वाटते. सिनेमात तुझं खपून जातं, पाचपन्नास तिकिटं जास्त विकली जातात. घरात खपणार नाही. ते गृहस्थ तुझ्या पुढच्या खोलीत आले तर मी तुझा उंबरा ओलांडणार नाही. धमकी समज.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर दातओठ खात होतो. मग तिकीट काढून दुपारच्या खेळाला गेलो, पुन्हा बघायला. आधी तुझं नाव वाचतो, मग काय ते ठरवतो म्हटलं.

तुझं नाव अकराव्या नाही, बाराव्या ओळीत आहे. एवढं तरी मला बोलू दे.

बाकी तू म्हणतेस ते खरं. मध्यंतरानंतर चित्रपट ढेपाळतो. त्या घरातली सून पोटुशी दाखवलीय, आणि दुसऱ्या भागात ती आहे कुठे? बाळंत झाली, माहेरी गेली, की तिला कोणी कपाटात ठेवलं? पहिल्या वेळी मला हा प्रश्नच पडला नाही. मुलगा विरघळतो तेही लेखकाला घरी जायची घाई होती म्हणून. पंचवीस वर्षं मी लोकांना सिनेमा कसा बघावा हे शिकवतोय, आणि एक म्हातारा वाकला तर माझी मती गुंग!

खरं सांगू? चांगला अभिनय ही आम्हा लोकांना मिळणारी लाच आहे. ती हातात देत नाहीत, घशात ठेवतात. घसा दाटला की आम्ही घाईनं न्यायनिवाडा करून मोकळे होतो. त्याच शनिवारी मी एका नव्या मुलीच्या चित्रपटाला दोन तारे दिले होते, आठ ओळींत. त्यातली बाई पोस्टाच्या खिडकीमागे बसून दिवसभर शिक्के मारते. ‘अभिनयाला वावच नाही’, असं मी ठोकून दिलं. काल तोही पुन्हा बघितला. रडूबिडू आलं नाही, पण सकाळी दाढी करताना त्या शिक्क्यांचा आवाज कानात होता. त्या बाईनं मला काही दाखवायचा प्रयत्नच केला नव्हता, म्हणून मला दिसलं नाही. येत्या शनिवारी तसं छापणार आहे. संपादक म्हणतो, लोक हसतील. हसू देत.

पण ताई, एक गोष्ट काही केल्या पटत नाही. बूट तुझ्या बोलण्यानं फिरले, मान्य. मला खुर्चीत बसून ते कसं कळणार? मला दिसला तो दार उघडायच्या आधीच हरलेला माणूस. तो दुसऱ्यांदाही तसाच दिसला, सगळं माहीत असून.

बाबांना घरी आणत नाही. शब्द देतो. पण भेटून येणार आहे, उघड्या डोळ्यांनी. एक विचारू? पहिल्याच दिवशी तुला कळलं की हे बाबा आहेत. ताप आला होता, कारणही मिळालं होतं. मग तू परत का गेलीस?

धाकटा


२१ फेब्रुवारी

चष्म्या,

काम घेतलं की पुरं करायचं, म्हणून गेले.

हे खोटं आहे. वाटलं होतं, एवढे दिवस समोर बसलेय, एकदा तरी मान वर करून नीट बघतील. झालं तुझं समाधान?

जायचं तर जा. चेहऱ्याकडे बघू नकोस, तिथे तुला काही कळणार नाही. हातांकडे बघ. खोलीत काय आहे ते बघ. पिशवी भरलेली आहे का ते बघ. रडायला लागले तर घड्याळ बघ.

आणि मी विचारलं असं सांगू नकोस.

ताई


३ मार्च

ताई,

जाऊन आलो. जसं बघितलं तसं लिहितो.

घड्याळं दुरुस्त करतात त्या दुकानावर वरच्या मजल्यावर खोली आहे. एक खाट, एक खुर्ची, आणि एक स्टूल. स्टुलावर खालच्या दुकानाचं नाव रंगवलेलं होतं, म्हणजे माझ्यासाठी मागून आणलेलं. पिशवी खिळ्याला टांगलेली, रिकामी. मी मुद्दाम कोट टांगायच्या निमित्तानं हात लावून बघितला. चहा त्यांनीच केला. हात थरथरतात, पण कपाबाहेर थेंब सांडला नाही.

रडतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. घड्याळही बघत होतो. रडलेच नाहीत. माफीही मागितली नाही. आई गेल्याचं त्यांना माहीत होतं. ‘तेव्हा कळलं होतं. आलो नाही,’ एवढंच म्हणाले. का आलो नाही, ते सांगितलं नाही. मला राग आला आणि मी तो दाखवला. ऐकून घेतला.

मग मी परीक्षणाचं काढलं. म्हटलं, तो बुटांचा क्षण मी चुकीचा वाचला, ती कंटिन्युइटीची चूक होती, मला कळलंय. त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, ‘तिनं सांगितलं?’

मी म्हटलं, ‘तिनं म्हणजे कोणी?’

‘बाईनं. पहिल्याच दिवशी ओळखलं मी तिला. डाव्या कानामागे पेन्सिल. लिहायला लागली की जीभ दातांत धरते. तुझी आई प्रुफं तपासायला बसायची, तेव्हा हुबेहूब अशीच.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘कोणत्या तोंडानं बोलू? बोललो असतो तर उठून गेली असती, आणि बरोबरच केलं असतं तिनं. पण मी चुकलो की तिला उठून माझ्यापर्यंत यावं लागायचं. कप या हातात होता, चष्मा खिशात होता, काहीतरी बोलायची. मग मी चुकायला लागलो.’

ते पुढे बोलत होते, अगदी साधं, हवापाण्याचं बोलावं तसं. ‘बूट सहा वेळा उलटे ठेवले. सहा वेळा आली. सहाव्यांदा चिडली, तिचा आवाज कापला. म्हटलं, अरे मूर्खा, पोरीला किती छळशील, सगळे बघतायत. सातव्यांदा सवयीनं उलटेच ठेवले, मग लाज वाटली आणि सरळ केले. सिनेमात तेच घेतील हे मला काय ठाऊक?’

निघताना मला म्हणाले, ‘मला कुठे नेऊ नकोस. ही खोली बरी आहे.’ मी न्यायचं काढलंही नव्हतं.

जिना उतरेपर्यंत मी ओक्साबोक्शी रडत होतो, आणि खालच्या पायरीवर पोचल्यावर मनात पाल चुकचुकली. हाच तर त्यांचा धंदा! न रडता बोलायचं, स्टूल मागून आणायचं, पिशवी टांगून ठेवायची. अडतीस वर्षांत माणूस शिकतो की. उलट्या बुटांची गोष्ट त्यांनी माझं परीक्षण वाचल्यावर रचली नसेल कशावरून? तू म्हणशील, आला पुन्हा गंडून, आणि मला तुझ्याशी भांडता येणार नाही.

याचा निकाल माझ्याकडे नाही. मी डोळ्यांनी बघतो, आणि माझे डोळे किती पाण्यात आहेत ते आपण दोघांनीही बघितलं. पण तू सगळं लिहून ठेवतेस. तुझे नोंदीचे कागद तुझ्याकडे असतील. काढ आणि बघ. खोटं असेल तर सांग, मी त्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही.

धाकटा


१२ मार्च

ताई,

माझं पत्र मिळालं का? नऊ दिवस झाले. निदान शिव्या तरी घाल.

धाकटा


१९ मार्च

चष्म्या,

पत्र मिळालं होतं. कागद माळ्यावरच्या पेटीत होते. पेटी खाली काढायला मला आठवडा लागला. गुडघे दुखतात, असं घरात सांगितलं.

मी प्रत्येक चूक लिहिते, तारीख घालून, कोणाची ते लिहून. बाबांच्या चुका बाजूला काढून मोजल्या. एकवीस दिवसांत त्रेचाळीस. कप, चष्मा, गुंडी, टोपी, बूट. बावीस तारखेला पाच. त्या दिवशी मी सगळ्यांपासून लांब, खिडकीपाशी बसले होते. पाच वेळा उठून तेवढं चालत गेले, आणि खाली लिहून ठेवलंय: ‘वयस्कर नटाची स्मरणशक्ती कामातून गेली आहे. पुढच्या वेळी विचार करावा.’ माझ्याच अक्षरात.

यानं काही सिद्ध होत नाही. विसरभोळ्या माणसाचेही हेच आकडे आले असते. मी पेटी बंद करायला निघाले होते. मग आठवलं की मी दोन दिवस तापानं घरी होते. माझ्या जागी दुसरी बाई आली होती, माझ्यापेक्षा कडक, डोळ्यांत तेल घालून बसणारी. तिचे कागद माझ्याच गठ्ठ्यात होते, मी ते कधी उघडलेच नव्हते. त्या दोन दिवसांत बाबांची एकूण एकोणतीस दृश्यं झाली. जेवणाच्या टेबलाचं सगळं तेव्हाच झालं, ताटं, चमचे, पेला, रुमाल, आमच्या धंद्यातलं सगळ्यात किचकट. तिनं बाबांच्या नावापुढे एक आडवी रेघ मारलीय आणि लिहिलंय: ‘अचूक. एकदाही सांगावे लागले नाही.’

चष्म्या, मी ते वाचलं आणि पेटीवर बसले.

तुला मी काय काय बोलले! कोणी चांगलं रडलं की तुला खरं वाटतं म्हणाले. मला रडणारा माणूस फसवू शकत नाही, याचा केवढा ताठा होता मला. आणि हा माणूस माझ्यापासून चार हातांवर उभा राहून एकवीस दिवस विसरभोळा म्हातारा झाला. मला एकदाही संशय आला नाही. तू निदान तारे तरी दिलेस. मी लिहून ठेवलं की याला पुन्हा काम देऊ नका.

त्रेचाळीस वेळा मला ‘चुकलो बाई’ म्हणाले रे. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? ‘ठीक आहे, पुढे चला.’

हे वाचून लगेच हुरळून जाऊ नकोस. आई गेली तेव्हाही ते आले नाहीत, त्याला कोणत्याही कागदावर उत्तर नाही. आईच्या वतीनं माफ करायला मी कोण? आणि पुढची खोली द्यायची गरज नाही, त्यांनाही नकोय. पण उंबऱ्याची धमकी मी मागे घेते.

रविवारी सकाळी त्या घड्याळवाल्याच्या जिन्यानं वर जाणार आहे. तू येऊ नकोस. तू आलास की परीक्षण लिहिशील. येतेय म्हणून आधी कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. पेन्सिल सवयीनं कानामागे असेल, असू दे.

दारासमोर चपला मी मुद्दाम उलट्या काढून ठेवणार आहे, टोकं दाराकडे. मग घंटा वाजवीन आणि कोण उठून येतं ते बघीन.

ताई